माईक हाती देण्यापूर्वी



आगमनकाळ लागला, की माझ्याकडे येणाऱ्या खेडोपाडीच्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "फादर, औंदा नाताळला साऊंड कुणाचा सांगायचा?" गव्हाणी कोण बांधणार, गायनवृंदाच्या तालमी केव्हा, रात्रीच्या मिस्सेनंतर चहा कोणाच्या घरचा, हे सारे प्रश्न मागाहून येतात. मला त्यात गैर काही वाटत नाही. खळ्यावर घातलेल्या मांडवात दोन-तीनशे माणसे बसणार असतील, तर शब्द त्यांच्या कानी पोहोचला पाहिजे, आणि तो पोहोचवण्याची तजवीज करणे हे यजमानाचे काम आहे. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापून निघाले, तेव्हा ते मंडळींपुढे गाऊन वाचावयास नुसता गळा पुरत असे. पण त्या काळी शेजारून उसाने भरलेला ट्रॅक्टर जात नव्हता, हेही लक्षात घ्यावे.

धर्मसभेनेही ध्वनिवर्धकाला परके मानलेले नाही. ३ सप्टेंबर १९५८ रोजी पवित्र संगीताविषयी रोमहून जी सूचना निघाली, तिच्यात ग्रामोफोन, रेडिओ, टेपरेकॉर्डर यांना उपासनाविधीत साफ मज्जाव केला होता. ध्वनिवर्धकाला मात्र अनुमती होती, तीही जिवंत माणसाचा आवाज मोठा करण्यापुरती. ही मर्यादा मला फार शहाणपणाची वाटते. यंत्राने माणसाच्या आवाजाची चाकरी करावी, त्याची जागा घेऊ नये. आजच्या मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनेतही वेदीवरचा माईक डोळ्यांत न भरेल अशा बेताने ठेवावा, असे सांगितले आहे. आमच्या काही गावांत तो असा ठेवलेला असतो, की मागच्या माणसाला धर्मगुरू दिसतच नाही, माईकच दिसतो. असो.

पूर्वी हे सारे प्रकरण सोपे होते. एक माईक, 'अहुजा' असे नाव लिहिलेली ॲम्प्लीफायरची पेटी, आणि झाडाला बांधलेला एक कर्णा. आता प्रत्येक माईकची तार आधी 'मिक्सर' नावाच्या पेटीत जाते, तेथे सर्व आवाजांचे प्रमाण जुळवले जाते, आणि मग ते एकत्र होऊन ॲम्प्लीफायरकडे व स्पीकरकडे जातात. आमच्या तरुणांनी वर्गणी काढून असा मिक्सर घेतला, तेव्हा एका आज्जीने मला विचारले, "फादर, देवळात मिक्सर कशाला? चटणी वाटायची हाय का?" आज्जींच्या प्रश्नात, त्यांना नकळत, बरेच तथ्य होते. जिन्नस कोणते आणि किती घालायचे हे न कळता बटणे फिरवली, तर या मिक्सरमधूनही चटणीच निघते.

परंतु आज लेखणी उचलण्याचे कारण चटणी नव्हे. दोन वर्षांपूर्वी सदलग्याच्या सणाला जे घडले, ते लिहावयाचे मी आजवर टाळत आलो होतो.

दूधगंगेच्या काठी वसलेल्या सदलग्यात आपली घरे मोजकीच. सणाला निपाणी, चिक्कोडी आणि आसपासच्या खेड्यांतून पाहुणे येतात आणि एका शेतकऱ्याच्या खळ्यावर मांडव पडतो. नवा मिक्सर आला त्या वर्षी पहिल्याच चाचणीत स्पीकरमधून एकसारखा 'घूंऽऽ' असा आवाज येऊ लागला. तार बदलली, माईक बदलला, आवाज जाईना. तेव्हा कोणीसे सुचवले, की प्लगची अर्थिंगची पीन काढली म्हणजे घूं जातो. मी म्हणालो, "मग काढा की!" पक्कड आली. मिक्सर आणि ॲम्प्लीफायर या दोहोंच्या प्लगांवरची ती वरची जाड पीन मोडून टाकण्यात आली, आणि खरोखरच घूं गेला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मीही आनंदाने स्वीकारल्या, हे येथे नमूद केले पाहिजे.

ती यंत्रे वर्षभर एका कोठारात पोत्यांच्या थप्पीशेजारी पडून होती. पुढच्या सणाला पुन्हा मांडव पडला. धूळ बसावी म्हणून सकाळी खळ्यावर पाणी शिंपडले होते. चौदा वर्षांचा एक मुलगा पहिले वाचन करावयास उठला. पायांत वहाणा नव्हत्या. आपल्याकडे मांडवात वहाणा घालून कोण येतो? त्याने माईक मुठीत धरला, तोंड उघडले, आणि शब्दच फुटेना. आम्हा सर्वांना वाटले, पोर घाबरले. मी तर त्याला धीर यावा म्हणून मान डोलावून हसलोही. ते दोन-तीन क्षण मला आजही रात्री आठवतात. मागे बसलेल्या एका शेतकऱ्याला विहिरीवरच्या मोटारीचा झटका पूर्वी एकदा बसलेला होता. त्याने मुलाची ताठरलेली मान पाहिली, एकही अक्षर न बोलता धावत जाऊन भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. मुलगा कोसळला. श्वास चालू होता. एक रात्र रुग्णालयात काढून तो घरी आला. तळहातावर चण्याएवढा काळा डाग तेवढा राहिला.

दुसऱ्या दिवशी वायरमनने ॲम्प्लीफायर उघडला. आतली मेनची तार उंदराने कुरतडली होती आणि तिचे उघडे तांबे लोखंडी पेटीला टेकले होते. पेटीतला वीजप्रवाह तारेच्या जाळीवाटे मिक्सरमध्ये आणि मिक्सरमधून माईकच्या धातूच्या मुठीत उतरला होता. "अर्थिंग असतं तर फ्यूज उडाला असता, फादर," तो म्हणाला, "कार्यक्रम बंद पडला असता, एवढंच. ही पीन मोडली कुणी?"

मी सांगितले, "मीच मोडायला सांगितली, अण्णा."

त्यावर तो काही बोलला नाही. दोन नवे प्लग बसवून त्याने पैसेही घेतले नाहीत. बोलला असता तर बरे वाटले असते.

त्यानंतर मी या विषयाचे जे काही शिकलो, ते वाचकांपुढे ठेवतो. घरगुती वीज २३० व्होल्टची असते. ओल्या हातापायांच्या माणसाच्या शरीराचा अडथळा सुमारे १००० ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. म्हणजे त्याच्यातून २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकेल. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच मूठ आवळली जाते आणि सोडवू म्हटले तरी सुटत नाही. तीसच्या वर प्रवाह काही क्षण टिकला, तर हृदयाचा ताल बिघडण्याचे भय असते. साध्या फ्यूजला मात्र हा प्रवाह जाणवतही नाही. तो काही अँपिअर वाहिल्याशिवाय वितळत नाही, आणि त्याआधी माणूस गेलेला असतो. फ्यूज वितळावा इतका प्रवाह वाहण्याची एकमेव सोपी वाट म्हणजे ती हिरवी अर्थिंगची तार. प्लगवरची वरची पीन इतर दोहोंपेक्षा जाड आणि लांब असते ती याचसाठी, की प्लग खोचताना अर्थिंग सर्वांआधी जुळावे आणि काढताना सर्वांनंतर सुटावे. ज्याने हे योजिले, त्याने आमच्यासारख्यांचा विचार केला होता. पक्कड असते हे बहुधा त्याच्या ध्यानात आले नसावे.

हे आपल्याकडेच घडते असे कोणी समजू नये. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे लेस्ली हार्वे नावाचा तरुण गिटारवादक अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून रंगमंचावरच मरण पावला. ३० ऑक्टोबर २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात, वेको या शहरी, काईल लेक नावाचे तेहतीस वर्षांचे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक बाप्तिस्म्याच्या हौदात पाण्यात उभे होते. माईक नीट करण्यासाठी त्यांनी हात पुढे केला आणि मंडळीच्या डोळ्यांदेखत विजेच्या धक्क्याने त्यांचा अंत झाला. बाप्तिस्म्याच्या वेळी मी आता तारेचा माईक हाती घेत नाही. एक हात पाण्यात असेल, तर दुसरा हात विजेपासून दूर राहिला पाहिजे.

मग 'घूं' आला तर काय करावे? तो येतो मुख्यतः दोन कारणांनी. मिक्सर एका खोलीतल्या बोर्डावरून आणि ॲम्प्लीफायर दुसऱ्या घरातल्या बोर्डावरून चालवला, की दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक असतो आणि तो फरक तारांच्या जाळीतून फिरत राहतो. उपाय असा, की सर्व यंत्रांना वीज एकाच बोर्डावरून द्यावी. दुसरे कारण म्हणजे माईकची तार आणि विजेची तार एकत्र बांधून नेणे. त्या वेगवेगळ्या बाजूंनी न्याव्या; ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडाव्या. मोबाईलवरून किंवा लॅपटॉपवरून संगीत लावले असता घूं आला, तर आधी त्याचा चार्जर काढून पाहावा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते. एवढे करूनही आवाज राहिला तर राहू द्यावा. घूंने आजवर कोणी मेलेले नाही.

भाड्याने आणलेला लांब वायरीचा बोर्ड उघडून पाहावा. तीन भोकांच्या त्या बोर्डाच्या वायरीत आत दोनच तारा असणे, हा प्रकार मी स्वतः पाहिलेला आहे. लाल आणि काळी आहे, हिरवीचा पत्ता नाही; भोके मात्र तीन! खांबावर आकडा टाकून वीज घेणे ही चोरी तर आहेच, परंतु त्यात अर्थिंगही नसते आणि फ्यूजही नसतो. सणासाठी म्हणून तो टाकणाऱ्यांनी निदान सणाचे नाव पुढे करू नये. जेथे कायमचे मंदिर किंवा सभागृह आहे, तेथे मिठाकोळशाचा अर्थिंगचा खड्डा असेल, त्यात उन्हाळ्यात पाणी घालीत जावे. कोरडी माती विजेला वाट देत नाही. आणि एक छोटे यंत्र प्रत्येक गावाने घ्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे : तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी, जिला आपले जुने वायरमन सवयीने ईएलसीबी म्हणतात. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांत तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कोठेतरी कोणाच्या तरी अंगातून वीज गळते आहे, असे ओळखून ती क्षणार्धात वीज तोडते. तिच्यावर 'टी' अक्षराचे एक बटण असते. दर कार्यक्रमाआधी ते दाबून ती खरोखर पडते ना, हे पाहावे. नव्या मिक्सरच्या किमतीच्या मानाने तिचा खर्च किरकोळ आहे. आम्ही मिक्सर आधी घेतला आणि ती नंतर घेतली.

तरीही कोणाला झटका बसलाच, तर त्याला हात लावू नये. आधी मेन बंद करावा. मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने तार दूर ढकलावी. श्वास नसेल तर १०८ ला फोन करून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात दाबावयास आरंभ करावा. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, दर वेळी छाती सुमारे दोन इंच दबेल असे. १०८ हा क्रमांक कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही चालतो. आम्हा सीमेवरच्यांना हे माहीत असलेले बरे.

आता मिक्सरकडे वळू. त्याची बटणे पाहून छाती दडपते, पण ती सारी आठ-दहा बटणांचीच रांग पुन्हा पुन्हा मांडलेली असते. एक रांग कळली की सगळी पेटी कळली. माईकमधून येणारी वीज अतिशय क्षीण, काही मिलिव्होल्टच असते. रांगेच्या अगदी वरचे 'गेन' नावाचे बटण तिला प्रथम कामापुरते बळ देते. खालची सरकती पट्टी, म्हणजे 'फेडर', त्यानंतर तिचे प्रमाण ठरवते. आमच्या मुलांची चूक अशी होत असे, की गेन पार शेवटपर्यंत फिरवायचे आणि फेडर तळाशी ठेवायचा. मग तांबडा दिवा पेटतो, आवाज फाटतो, आणि फेडर कितीही खाली ओढला तरी फाटलेला आवाज फाटलेलाच राहतो. दूध आधीच उतू गेल्यावर भांड्यावर झाकण ठेवून काय उपयोग? म्हणून क्रम असा ठेवावा. गाणाऱ्याने कार्यक्रमात गाणार तेवढ्याच जोराने गावे. त्या वेळी गेन हळूहळू वाढवावे, दिवे शून्याच्या खुणेपाशी खेळू लागले की थांबावे, तांबडा दिवा लागू देऊ नये. मग फेडर शून्याच्या रेघेजवळ ठेवून तेथून जुळवाजुळव करावी. "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" याने काहीच ठरत नाही, कारण त्या आवाजात पुढे कोणीच बोलत नाही. आमच्याकडे आता चाचणीसाठी त्या दिवशीचे वाचनच वाचतात. माईकही तपासला जातो आणि वाचणाऱ्याची तालीमही होते. माईकवर फुंकर मारणे आणि बोटाने टकटक करणे, ही सवय मात्र अजून पुरती गेलेली नाही. ती माझ्यापासूनच सुरू झाली होती.

बोलण्याच्या माईकसाठी खर्ज कापणारे बटण दाबावे. त्यावर ८० किंवा १०० हर्ट्झ असे लिहिलेले असते. त्यापायी माणसाचा शब्द हरवत नाही. वाऱ्याचा भपका, पायांची धडधड, आणि 'प' व 'भ' उच्चारताना होणारा फटका तेवढा जातो. शब्द कळतो तो वरच्या सुरांतल्या व्यंजनांमुळे. आमच्या तरुणांना खर्ज फार प्रिय. प्रवचन ढोलावर वाजवल्यासारखे ऐकू आले की त्यांना साऊंड 'भारी' वाटतो. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला मात्र धप्-धप् एवढेच ऐकू येते. आमच्या मंडळीत गावकऱ्यांची बोलीभाषा कानडी आणि उपासनेची मराठी, अशी स्थिती कित्येक घरांत आहे. त्यांच्यासाठी तर एकेक अक्षर स्पष्ट हवे.

'फँटम' असे लिहिलेले एक बटण असते. ते माईकच्याच तारेतून ४८ व्होल्ट वीज वर पाठवते. ज्या नाजूक माईकना ती लागते त्यांच्यासाठीच ते आहे. साध्या माईकना तिची गरज नाही. दाबताना सर्व फेडर खाली हवेत, नाहीतर असा 'धप्प' होतो की स्पीकरचा पडदा फाटावा. याच कारणासाठी सुरू करताना मिक्सर आधी आणि ॲम्प्लीफायर सर्वांत शेवटी. बंद करताना ॲम्प्लीफायर सर्वांत आधी. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. कर्णे लावण्यासाठी ॲम्प्लीफायरच्या मागे '१०० व्होल्ट' अशी खूण असलेले खिळे असतात. ती नुसती खूण नव्हे. आवाज चालू असताना तेथे खरोखरच तेवढी वीज असू शकते. कर्ण्याची तार सुटली तर ॲम्प्लीफायर बंद करूनच ती जोडावी, मग प्रवचन थांबले तरी चालेल. (धर्मगुरूंचे प्रवचन दोन मिनिटे थांबल्याबद्दल मंडळीने तक्रार केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.)

शिट्टीचा त्रास कोणाला ठाऊक नाही? स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून निघतो, आणि हे चक्र वाढत जाऊन कान किटतात. सोरेन लार्सन या डॅनिश शास्त्रज्ञाच्या नावावरून त्याला लार्सन परिणाम म्हणतात. त्यावरचे औषध बटणांत कमी आणि जागेत अधिक आहे. स्पीकर माईकच्या पुढे, मंडळीच्या बाजूला असावेत. माईकच्या पाठीमागून त्याच्या तोंडावर आवाज फेकणारे नसावेत. बोलणाऱ्याने माईक तोंडाजवळ आणावा. अंतर निम्मे झाले की आवाज सहा डेसिबलने चढतो, म्हणजे तेवढे गेन आपोआप उतरवता येते. वापरात नसलेले माईक बंद ठेवावेत. उघडे माईक दुप्पट झाले, की शिट्टीपूर्वीची मोकळीक तीन डेसिबलने घटते. एकाच्या जागी चार उघडे ठेवले तर सहा डेसिबल व्यर्थ गेले. आणि शिट्टी वाजली की घाबरून माईकचे डोके मुठीत झाकणारे जे आहेत, त्यांनी तसे करू नये. बहुतेक माईकना पाठीमागचा आवाज नाकारता यावा म्हणून जाळीखाली फटी ठेवलेल्या असतात. त्या बुजल्या की माईक चहूबाजूंनी ऐकू लागतो आणि शिट्टी दुप्पट होते.

मिक्सर कोठे ठेवावा? रंगमंचामागे पडद्याआड ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे, कारण तेथे सावली असते आणि चहा लवकर मिळतो. पण तेथे बसणाऱ्याला लोकांना काय ऐकू येते ते कळणार कसे? त्याने मंडळीतच, मागच्या तिसऱ्या हिश्श्यात बसावे. जो मिक्सरवर बसतो, त्यानेच मध्येच उठून प्रसाद वाटू नये.

आता आवाज किती ठेवावा, हे सांगावयाचे राहिले. आणि येथे मला शेजाऱ्यांविषयी लिहिले पाहिजे. सदलगा हे आचार्य विद्यासागर महाराजांचे जन्मगाव. १९४६ साली त्यांचा येथे जन्म झाला. मौनाची किंमत जाणणारी जैन घरे आमच्या मांडवाच्या आसपास आहेत. त्यांतील एका वृद्ध गृहस्थांनी मला एकदा रस्त्यात थांबवून अत्यंत नम्रपणे म्हटले, "फादर, तुमच्या प्रार्थना आम्हालाही आता पाठ झाल्या आहेत." मी घरी आलो आणि बराच वेळ या वाक्याचा विचार करीत बसलो. त्यात रोष नव्हता, हेच अधिक लागले. दुसऱ्या दिवशी उंच बांधलेला कर्णा उतरवला आणि दोन लहान स्पीकर मंडळीकडे तोंड करून ठेवले.

कायदाही हेच सांगतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सार्वजनिक जागी ध्वनिक्षेपक लावायचा तर लेखी परवानगी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर तो लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, ठराविक सणांना, मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. नाताळच्या रात्री ती सूट आहे, असे गृहीत धरू नये. त्या वर्षीचा आदेश पोलीस ठाण्यात विचारून घ्यावा. हे नियम केंद्राचे आहेत, म्हणून सीमेच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा असा प्रश्न नाही. दुसऱ्या कोणत्या बाबतीत आम्हा सीमावासीयांना असे म्हणता येते?

'आमच्या धर्मावर घाला' अशी हाकाटी कोणी करू लागला, तर त्याला सांगावे, की सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत ३० ऑगस्ट २००० रोजी जो निकाल दिला, तो मद्रासच्या एका ख्रिस्ती प्रार्थनागृहाच्याच खटल्यात दिला. इतरांची शांतता भंग करून किंवा ध्वनिवर्धक लावून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असा त्याचा आशय आहे. पुढे ऑगस्ट २०१६ मध्ये ठाण्याचे डॉक्टर महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानेही म्हटले, की ध्वनिक्षेपक लावणे हा कोणाचाही मूलभूत हक्क नव्हे. मला हे निकाल जाचक वाटत नाहीत. आपल्या प्रभूने डोंगरावर आणि नावेत बसून उपदेश केला. तेव्हा ऐकणारे जवळ सरकत होते.

नाताळच्या मिरवणुकीसाठी 'डॉल्बी' सांगावी, असा आग्रह धरणाऱ्या तरुणांसाठी एक हकीकत देतो. आपल्या भागात डॉल्बी म्हणजे ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत, जिच्या धडधडीने घरांची भांडी हलतात. मूळचे डॉल्बी हे एका माणसाचे आडनाव. रे डॉल्बी हा अमेरिकन अभियंता १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार म्हणून आपल्याच देशात होता. १९६५ साली त्याने कंपनी काढली आणि नाव मिळवले ते कशासाठी? टेपमधली खरखर, म्हणजे नकोसा आवाज, कमी करण्याच्या युक्तीसाठी! त्याच्या नावाचे आम्ही जे केले आहे, ते पाहून त्याला काय वाटले असते कोण जाणे.

कानांच्या बाबतीत हिशेब साधा आहे. ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास सोसतो. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला केवळ पंधरा मिनिटे. आतल्या कानाचे सूक्ष्म केस एकदा मेले की पुन्हा उगवत नाहीत. भिंतीपुढे नाचणाऱ्या मुलाला घरी आल्यावर कानात जे 'कूंऽऽ' ऐकू येते, ते त्या केसांचे रडणे समजावे. तान्ह्या मुलाला घेऊन कोणी आई स्पीकरच्या पुढ्यात बसली असेल, तर स्वयंसेवकांनी तिला उठवून मागे जागा करून द्यावी. ती आपण होऊन सांगत नाही.

कार्यक्रम संपला की सर्वांना घरी जाण्याची घाई होते आणि तारा कोपरावर करकचून गुंडाळल्या जातात. त्याने आतले तांबे तुटते. सैल वेटोळे करावे, पोत्याशेजारी न ठेवता झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवावे, आणि काढताना प्रत्येक वेळी तारेवरून बोटे फिरवून कोठे दात लागले आहेत काय, ते पाहावे. आमच्या पेटीवर तळहातावर डाग असलेल्या त्या मुलाने स्वतः लिहिलेला कागद चिकटवला आहे. तो आता सोळा वर्षांचा असून मिक्सरवर तोच बसतो. ही जागा त्याने मागून घेतली. कागदावर तीन शब्द आहेत : पीन, बटण, वहाणा. म्हणजे अर्थिंगची पीन शाबूत आहे ना, आरसीसीबीचे बटण दाबून पाहिले ना, आणि माईक धरणाऱ्याच्या पायांत वहाणा आहेत ना. मागच्या सणाला वेदीवर जाण्यापूर्वी त्याने मला अडवले, वाकून माझे पाय पाहिले, आणि मगच माईक माझ्या हाती दिला.